विसाराचे बूट

मला माझ्या बायकोनं फसवलं. तीन महिन्यांत परत येते असा शब्द देऊन ती मुलीकडे कॅनडाला गेली आणि तिथेच राहिली. मध्ये दलाल नव्हता. सौदा मुलुंडच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी, समोरासमोर झाला होता. माझ्या बाजूनं जे ठरलं ते मी पुरं केलं. तिनं केलं नाही.

लोक म्हणतात, बायकोशी कसला सौदा? मी म्हणतो, का नाही? माझा सगळा जन्म सौद्यात गेला. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते घरी बसले आणि मी हातगाडी ओढायला लागलो. पाडायला काढलेल्या चाळी-बंगल्यांमधले दरवाजे, खिडक्या, कठडे, जिने विकत घ्यायचे आणि ज्याला जुनं सागवान हवं असेल त्याला विकायचे, हा माझा धंदा. आज घाटकोपरला माझं गोदाम आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. एकेका चौकटीसाठी घसा कोरडा करून उभं केलंय. माझ्याशी भाव करायला येणारा माणूस घरून जेवून येतो असं बाजारात म्हणतात. मला ते ऐकायला आवडतं.

या धंद्यात डोक्याइतकाच दम लागतो. सांताक्रूझला एक जुना बंगला पाडायचा होता. वरच्या मजल्यावर गच्चीकडे जाणारा लाकडी जिना होता, तो बघायला गेलो. वर पोचलो तर मला बोलता येईना. मालकानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग भाव सांगितला. एरवी असा भाव ऐकल्यावर मी उठून चालू लागतो. उठून चालू लागणं हे आमचं अर्धं काम. पण त्या दिवशी उठायलाच श्वास नव्हता. तो हसत बघत होता. शेवटी मी "बरं" म्हणालो. पहिल्या भावाला "बरं" म्हणण्याची वेळ माझ्यावर तोवर कधी आली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, माणूस ठीक नाही. व्यायाम करा. हे बायकोनं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जिममध्ये नेलं. तिथे जोडप्यासाठी वेगळी योजना होती. मी मॅनेजरला दमेपर्यंत घोळवलं आणि त्या योजनेतूनही थोडं खाली आणलं. बायको शेजारी उभी राहून भिंतीवरचे फोटो बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्या पोराक रडवलात. आता जावा तरी नेमान."

ती मालवणकडची. चिडली किंवा खूश असली की तिची भाषा गावाला जाते.

जिमच्या कोपऱ्यात ते मशीन होतं. त्याचं इंग्रजी नाव मला आजही नीट घेता येत नाही, मी त्याला जिना म्हणतो. सरकत्या जिन्याचा एक तुकडा कापून खोलीत उभा केल्यासारखा तो दिसतो. पायऱ्या वरून खाली येत राहतात, तुम्ही चढत राहायचं. चढणं थांबवलंत तर तो तुम्हाला खाली आणून सोडतो. दोन्ही बाजूंना दांडे, समोर वेळ दाखवणारा काचेचा फलक. आयुष्यभर जिने उपटून विकले, आणि म्हातारपणी न संपणारा जिना नशिबी आला.

पहिल्या दिवशी मी दीड मिनिटात लाल बटण दाबलं. खाली उतरून ट्रेनरला म्हणालो, "हे बिघडलंय. वेग कमी होत नाही."

ट्रेनर भांडुपची मुलगी. आवाज शाळेतल्या पीटीच्या बाईंसारखा. ती म्हणाली, "काका, हा सगळ्यात कमी वेग आहे."

"याच्याहून कमी कर."

"याच्याहून कमी म्हणजे बंद."

शेजारच्या सायकलवर एक गुजराती गृहस्थ बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, आमच्याच रस्त्यावर राहणारे. ते पायडल मारत म्हणाले, "शेठ, मशीनसंगत भाव करता? ते काय ऐकणार नाय तुमचा."

मग बायको त्या जिन्यावर चढली. पंजाबी ड्रेस, कपाळाला टिकली, मुलीनं पाठवलेले नवे करडे बूट. दांड्याला हात न लावता ती चढत राहिली. तिच्या माहेरचं घर डोंगरात होतं, विहीर खाली. लहानपणी कळशी घेऊन ती घाटी चढायची. गावाकडे दगडी पायऱ्यांच्या चढणीला घाटी म्हणतात. हात सोडून चढायचं तिला कोणी शिकवावं लागलं नाही, कळशी धरायला हात हवेतच. उतरली तेव्हा तिच्या ओठावर थोडा घाम होता, बस. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमका ह्या जमाचा नाय."

मला राग आला. राग मला लवकर येतो, हे बाजाराला माहीत आहे आणि घरालाही. मी म्हणालो, "अर्धा तास चढून दाखवीन. न थांबता."

"कधी?"

तेव्हा तिचं तिकीट काढलेलं होतं. मुलीचं पहिलं बाळंतपण होतं, आईनं जायचंच होतं. व्हिसा झाला होता, मसाले कुटून झाले होते. त्या रात्री ओट्यापाशी भाकऱ्या थापता थापता तिनं विषय पुन्हा काढला. मी जिमला गेलो नाही तर तिचा जीव तिथे लागणार नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, ठरवून टाकू. तू तीन महिन्यांत परत यायचं. तोवर मी अर्धा तास चढायला शिकायचं. तू आलीस की तुझ्यासमोर चढून दाखवणार.

"चलात," ती म्हणाली.

"चलात काय? विसार ठेव."

विसार म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. आमच्या धंद्यात नुसत्या शब्दावर माल अडकवून ठेवत नाहीत. दरवाजा पसंत पडला, पण उचलायला टेम्पो पुढच्या आठवड्यात येणार असेल, तर गिऱ्हाईक काहीतरी ठेवून जातं. बहुतेक वेळा पैसे, पण नसले तर घड्याळ, छत्री, एकदा एका माणसानं चष्मा ठेवला होता आणि भिंत चाचपत घरी गेला. विसार घेतल्यावर तो माल मी दुसऱ्याला विकला तर दुप्पट भरून द्यायचं. आणि ठेवणाऱ्यानं माघार घेतली तर विसार गेला, त्यानं तो परत मागायचा नाही. मागितला तर त्याचा अर्थ एकच, सौदा तुटला. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण हे न पाळणारा माणूस आमच्याकडे दुसऱ्यांदा येऊ शकत नाही.

बायकोला हे सगळं पाठ होतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं तीच गोदामात गल्ल्यावर बसायची. तिनं पिठाचे हात पुसले, बाहेर गेली आणि ते करडे बूट आणून माझ्या पुढ्यात ठेवले. "ह्यो घेवा विसार. इलंय की माझे माका द्या."

मी हसलो. तीही हसली. पण आमच्या घरात मालाचा विषय निघाला की हसताना कोणी खोटं बोलत नाही.

ती गेली आणि मी जिन्यावर चढायला लागलो.

संध्याकाळी जिममध्ये पोरांची गर्दी असते, त्यांच्यासमोर धापा टाकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी दुपारी जेवणाआधी जायचो. गोदाम माणसांवर सोपवून यायचो. दुपारी तिथे एसीचा आवाज असतो, आरसे असतात आणि बहुतेक कोणी नसतं. ट्रेनर टेबलाशी डबा खात बसलेली, गुजराती गृहस्थ सायकलवर पेपर वाचत. मी चढायचो आणि भांडायचो. मशीनला शिव्या द्यायचो, ट्रेनरला म्हणायचो फलक खोटं दाखवतो, गृहस्थांना म्हणायचो पंख्याची हवा माझ्याकडे येत नाही. दांड्यांवर सगळं वजन टाकून असा लोंबायचो की ट्रेनर डबा बाजूला ठेवून यायची.

"काका, हे चढणं नाही, हे लटकणं आहे. हात सोडा."

"पडलो तर?"

"मी आहे ना."

"तू तिकडे भेंडीची भाजी खातेयस."

"तोंड बंद ठेवलंत तर श्वास पुरेल, काका. निम्मा दम तुमचा माझ्याशी भांडण्यात जातो."

ती उलट बोलली म्हणून मी दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गोदामात एक गिऱ्हाईक आलं, जुहूच्या हॉटेलासाठी नक्षीची कमान हवी होती त्याला. मी भाव सांगितला आणि गप्प बसलो. भाव सांगून झाल्यावर गप्प बसायचं असतं. जो आधी बोलतो तो खाली येतो. तो माणूस कमानीवरून हात फिरवत राहिला, घसा खाकरला, फोन बघितला, मी गप्प. शेवटी तोच बोलला. आणि मला वाटलं, हे मी माणसांशी करतो, त्या मशीनशी का करत नाही?

दुसऱ्या दिवशी चढलो तेव्हा एक शब्द काढला नाही. फलकावर टॉवेल टाकला. हात दांड्यावरून उचलून कमरेला लावले. जिना काय म्हणतो ते म्हणू दे, मी बोलणार नाही असं ठरवलं. आता सांगतो म्हणून सोपं वाटेल, पण मी गप्प राहणारा माणूस नाही. मांड्या पेटल्या होत्या, कानांत ठोके पडत होते, आणि तरी तोंड मिटून मी चढत राहिलो. मशीन आवडलं असं नाही. ते कोणाला आवडत असेल असं मला वाटत नाही. पण एखाद्या अडेल गिऱ्हाइकाशेजारी बसून चहा पिता येतो, तसं त्याच्याबरोबर राहता यायला लागलं.

एक मात्र झालं. जिन्यावर गप्प राहायची सवय लागली तसं घरातलं गप्प असणं ऐकू यायला लागलं. आधी मी घरी येऊनही कुणावर तरी ओरडायचो, टीव्हीवर, लिफ्टवर, डबा आणणाऱ्या बाईवर. आता डबा उघडायचो, ताटात वाढायचो आणि डावाचा आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा. चार माणसांचं टेबल मी स्वतः निवडलेलं, एका पारशी घरातून आणलेलं. त्याच्या एका टोकाला ताट, दुसऱ्या टोकाला बायकोचे बूट. तिथेच ठेवले होते मी, वर्तमानपत्रावर. विसार नजरेसमोर असावा.

संध्याकाळी मी फोन लावायचो, तेव्हा तिथे सकाळ असायची. बाळ झालं, मुलगी. सुरुवातीला बायको खूप बोलायची. मग बाळ रडायचं आणि ती फोन टेबलावर ठेवून जायची. फोन बंद करायची नाही, नुसता ठेवायची. मला तिथलं छत दिसायचं. पांढरं, सपाट, एका कोपऱ्यात गोल दिवा. लाकडाचा तुकडा नाही. दुरून पाण्याचा आवाज, मुलीचं बोलणं, बायकोचं हसणं. मी ते छत बघत बसायचो. माझ्या घरच्या छतापेक्षा मी ते जास्त वेळ बघितलं असेल.

एकदा तिनं फोन कुठेतरी टेकवून ठेवला तर जिना दिसला. त्यांच्या घरात आतून जिना आहे, गालिचा घातलेला. बायको बाळाला खांद्यावर घेऊन चढत होती. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मी ओरडलो, "अगं, किती चढतेस?"

"दिवसभर ह्याच तर करतंय," ती म्हणाली. "तुमचा काय? चढतास की नुसते मशीनवालीक छळतास?"

"वीस मिनिटं होतात."

"खरां?" ती थांबली, आणि तेवढ्यापुरतं तिनं नीट माझ्याकडे बघितलं. मग बाळानं तिच्या कानातलं ओढलं.

तीन महिने झाले. मुलीची नोकरी सुरू होणार होती, बाळाला ठेवायला चांगली जागा मिळत नव्हती. मुक्काम वाढवायचा अर्ज केला असं मुलीनं मला सांगितलं. केल्यावर सांगितलं. मी म्हणालो, "मला विचारलंस का?" ती म्हणाली, "बाबा, आईचा मुक्काम आहे, तुमचा दरवाजा नाही." मी फोन आपटला. मग स्वतःच पुन्हा लावला, कारण न लावला तर कोण लावणार होतं?

बायको म्हणाली, "थोडे दिवस ओ. पोरगी एकटी पडतली."

मग मी एकटा नाही का, असं मी म्हणालो नाही. भाव सांगून गप्प बसायचं असतं. मी गप्प बसलो. पण ती गिऱ्हाईक नव्हती, आणि तिला माझा गप्पपणा ऐकायला वेळ नव्हता.

ज्या दुपारी अर्धा तास पुरा झाला त्या दुपारी मला ते कळलंही नाही. टॉवेल फलकावर होता. ट्रेनर येऊन उभी राहिली, तिनं टॉवेल उचलला आणि टाळी वाजवली. गुजराती गृहस्थ सायकलवरून उतरले. "शेठ, पेढा पाहिजे हां. नुसता घाम चालणार नाय." ट्रेनर म्हणाली, "काका, फोटो काढू का? काकूंना पाठवा." मी नको म्हणालो. सौद्याची पूर्तता फोटोवर होत नाही. ती समोर यायची होती, तिच्यासमोर चढायचं होतं. तसं ठरलं होतं.

तरी संध्याकाळी फोन लावल्यावर मला राहवलं नाही. म्हणालो, "अर्धा तास झाला आज. न थांबता. हात सोडून."

ती म्हणाली, "होय? बरां झाला. थांबा हां, उठला वाटता." आणि छत.

त्या दिवशी मी बराच वेळ ते छत बघितलं. परत येऊन तिनं बाळाच्या पहिल्या दाताचं सांगितलं. मीही दाताबद्दल विचारलं. वरचा की खालचा. खालचा.

मग परवाची गोष्ट. गुजराती गृहस्थांचा मुलगा माझ्या मुलीच्याच शहरात आहे. उन्हाळ्यापुरते ते तिकडे निघालेत. मी फुशारकीनं बायकोला सांगितलं, "आपल्या ओळखीचा माणूस येतोय. काय हवं ते सांग." मला वाटलं, ती म्हणेल, काही नको, आता मीच येते. माणूस एवढा हुशार, पण असं वाटतं त्याला.

तिनं भराभर सांगितलं. मालवणी मसाला, कोकमं, कुळथाचं पीठ, बाळाला चांदीचे वाळे. मी मान हलवत होतो.

"आणि ओ, माझे ते बूट पाठवा. हंय आता बर्फ गेला, बाळाक गाडीत घालून फिराक जातंय. हंयचे बूट माका चावतत."

माझी मान हलायची थांबली.

"ऐकलात मां? करडे. टेबलार असतले."

टेबलावर आहेत हे तिला माहीत होतं. म्हणजे ती माझ्या फोनमधून माझं टेबल बघत होती. मग ते बूट तिथे कशासाठी आहेत हेही तिला माहीत असणारच. गल्ल्यावर बसलेली बाई आहे ती. चष्मा ठेवून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी चष्मा मागायला आला तेव्हा हिनंच त्याला विचारलं होतं, "म्हणजे दरवाजा नको तुम्हाला?" तो बिचारा ओशाळला आणि आंधळ्यासारखाच परत गेला. त्या वेळी मला तिचा अभिमान वाटला होता.

काल मी पिशवी घेऊन गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी सामान तपासलं, वजनकाट्यावर ठेवलं. "भाभी बूट म्हणाली होती ना? माझ्या वाइफला फोन आलता तिचा."

"वजन होईल," मी म्हणालो.

"अरे, बुटाचा काय वजन? माझ्या बॅगेत जागा हाय."

"नाही सापडले."

त्यांनी वजनकाटा बाजूला सरकवला. त्यांची बॅग उघडी होती, आत मुलासाठी खाकऱ्याची पाकिटं. मग हळू म्हणाले, "शेठ, तुमी पण चला ना एकदा. तिकिटात भाव करा थोडा."

मी घाटकोपरचं गोदाम, पावसाआधीचा माल, असं काहीतरी सांगून उठलो. उठून चालू लागणं मला येतं. आता जिन्यानं उतरतो मी, लिफ्ट घेत नाही.

आज दुपारी बूट पिशवीत घालून जिमला नेले. मशीनच्या पायथ्याशी ठेवले आणि चढलो. ट्रेनरनं विचारलं, "कोणाचे?" मी सांगितलं नाही. चढताना खाली बघितलं की दिसत होते. नवेच आहेत जवळजवळ. टाचेपाशी तिच्या चालण्याची थोडीशी झीज आहे, बाहेरच्या बाजूनं. ती तशीच चालते. अर्धा तास चढलो आणि बूट घेऊन घरी आलो. आता ते परत टेबलावर आहेत.

लोकांना सांगून झालं, आता हे तुलाच लिहितोय, कारण फोनवर तू ऐकत नाहीस. माझा अर्धा तास झाला, भांडुपची ट्रेनर आणि तुझ्याकडे मसाला घेऊन येणारा माणूस, दोघं साक्षीला आहेत. मसाला पोचेल, वाळे पोचतील. बूट पोचणार नाहीत. विसार परत मागणाऱ्याला आपल्या गोदामात काय विचारायचं असतं ते तुला माहीत आहे, तूच विचारायचीस. आता मी विचारतो. सौदा तुटला का? नुसते पाय चावतात म्हणून बूट हवे असतील तर तसं सांग, आणि कधी येतेस ते सांग. तुटला असेल तर तेही सांग. पण बाळाला आधी खाली ठेव, फोन हातात धर आणि माझ्याकडे बघून सांग. मला छत दाखवू नकोस.